कृषी सेवा केंद्रातले क्षार आणि सममिती: स्फटिकातला आयन कोणता प्रकाश शोषेल, हे कसं ओळखायचं

ऑक्टोबर छाटणी झाली की तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदाराच्या घरी मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, पिशवी येतेच. आमच्याकडेही यायची. तिच्यासोबत हिराकस (फेरस सल्फेट), झिंक सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, मँगनीज सल्फेट अशा पुड्या यायच्या. सगळे सल्फेटच. तरी मोरचूद गर्द निळा, हिराकस फिकट हिरवा, मँगनीज सल्फेट जेमतेम गुलाबी, आणि झिंक व मॅग्नेशियम पांढरेफटक. रंग धातूचा असतो, असं उत्तर शाळेत मिळालं होतं. पण मोरचूद तापवला की तो पांढरा पडतो आणि त्यातलं तांबं तर कुठेच गेलेलं नसतं. मग रंग गेला कुठे?

रंग एकट्या आयनाचा नसतो. आयनाभोवती शेजारी किती आहेत आणि कशा मांडणीत बसले आहेत, यावर तो ठरतो. ती मांडणी म्हणजेच सममिती. पदवीच्या वर्गात मला हे नियम वहीत उतरवून पाठ करायला लावले होते. एकही स्फटिक हातात न घेता परीक्षा झाली आणि विषय डोक्यावरून गेला. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर मी उलट्या बाजूने सुरुवात केली, आधी बरणी आणि मग गणित. तोच क्रम इथे देतो आहे. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला सगळं जमेल. बारावीच्या मुलांनी गणिताची पायरी एकदा सोडून पुढे वाचलं तरी चालेल, पण नंतर तिच्याकडे परत यावं.

काय काय लागेल

मोरचूद पाव किलो, मँगनीज सल्फेट थोडं, औषधाच्या दुकानातून पोटॅशियम परमँगनेटची छोटी पुडी, एक तुरटीचा खडा. काचेच्या चार-पाच स्वच्छ बरण्या, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, जुनी सीडी, बुटांचा रिकामा खोका. आणि सात द्राक्षं व टूथपिक.

मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा आणि यासाठी वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं तर अजिबात नको. मी एकदा घाईत ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मोरचूद विरघळवला. तासाभरात तळाला तांबडा गाळ आणि पातेल्याला भोकं! काच किंवा प्लास्टिकच वापरा.

पायरी १: स्फटिक वाढवा

१०० मिलिलिटर गरम पाण्यात साधारण ५० ग्रॅम मोरचूद ढवळत विरघळवा. शेतीसाठीच्या मोरचुदात गाळ असतो, म्हणून गरम असतानाच सुती कापडातून गाळा, मग गाळण कागदातून. बरणी झाकून एका कोपऱ्यात ठेवा आणि हलवू नका. दुसऱ्या दिवशी तळाला छोटे तिरपे स्फटिक दिसतील. त्यातला एक सुबक निवडा, बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधा आणि वरचं निवळ द्रावण दुसऱ्या बरणीत ओतून त्यात लोंबकळत सोडा. तोंडावर कागद बांधा. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडच्या कोरड्या हवेत आठ-दहा दिवसांत बोटाच्या पेराएवढा स्फटिक येतो. पावसाळ्यात हा खटाटोप करू नका, हवाच ओली असल्यावर पाणी उडणार कसं? तुरटीचाही असाच एक वाढवा. तो आठ तोंडांचा, नितळ आणि बिनरंगी येतो.

या निळ्या स्फटिकाला मोठा इतिहास आहे. १९१२ मध्ये म्युनिकमध्ये लाउए, फ्रीडरिख आणि क्निपिंग यांनी क्ष-किरण स्फटिकातून पाठवून पहिल्यांदा विवर्तनाचे ठिपके मिळवले, तो स्फटिक मोरचुदाचाच होता. स्फटिकात अणू ठरावीक रांगांनी बसतात, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा त्या ठिपक्यांनी दिला.

पायरी २: खोक्याचा वर्णपटदर्शक

खोक्याच्या एका अरुंद बाजूला कागदी कडांमध्ये उभी फट ठेवा, नखाच्या जाडीपेक्षाही कमी. समोरच्या बाजूला सीडीचा तुकडा तिरपा बसवा आणि वरून पाहायला भोक पाडा. सीडीवरच्या ओळींमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असतं, म्हणून ती जाळीसारखं काम करते आणि प्रकाश रंगांत पसरवते. फट सूर्याकडे कधीही धरू नका. उजेडातली पांढरी भिंत किंवा जुना पिवळा बल्ब पुरेसा आहे. एलईडीच्या पांढऱ्या प्रकाशात निळ्या-हिरव्याच्या मध्ये मुळातच एक फिकी जागा असते, ती शोषणाची पट्टी समजू नका. आधी साध्या पाण्याची बरणी समोर धरून पाहा, मगच रंगीत.

घरात जुना सीएफएल दिवा असेल तर तो टाकू नका. त्याच्या वर्णपटात ५४६ नॅनोमीटरची पाऱ्याची हिरवी रेघ आणि ४३६ची निळी-जांभळी रेघ असते. त्या दोन खुणांवरून खोक्यात मापपट्टी आखता येते. ६११च्या आसपास एक ठळक तांबडी रेघही दिसेल, तिच्याकडे पायरी ६ मध्ये परत येऊ.

पायरी ३: शेजारी मोजा

मोरचुदात तांब्याच्या आयनाभोवती सहा ऑक्सिजन असतात. चार पाण्याच्या रेणूंचे, एका चौकोनात, सुमारे ०.२ नॅनोमीटरवर. उरलेले दोन सल्फेटचे, एक वर आणि एक खाली, पण लांब, ०.२४ नॅनोमीटरच्या आसपास. सूत्रातला पाचवा पाण्याचा रेणू तांब्याला चिकटलेलाच नाही, तो हायड्रोजन बंधांनी बाजूला धरलेला आहे. वरचे-खालचे शेजारी लांब का, याचं कारण १९३७ मध्ये यान आणि टेलर यांनी सांगितलं. समान ऊर्जेच्या जागा इलेक्ट्रॉनांनी असमान भरल्या असतील तर भोवतीची मांडणी वाकडी होऊन ती समानता मोडते. तांब्याच्या नऊ डी-इलेक्ट्रॉनांची, म्हणजे डी-ऑर्बिटल नावाच्या पाच कप्प्यांत राहणाऱ्या इलेक्ट्रॉनांची, गत नेमकी हीच आहे.

आता द्राक्षं घ्या. मधल्या द्राक्षात सहा बाजूंनी टूथपिक खुपसा आणि टोकांना सहा द्राक्षं लावा. हा अष्टफलक. टूथपिकांची लांबी सारखी ठेवली तर आदर्श अष्टफलक, वरची-खालची लांब ठेवली तर मोरचुदातलं तांबं. पाहून झाल्यावर तेच द्राक्ष चार शेजाऱ्यांचं करा, तिवईचे तीन पाय खाली आणि एक काडी सरळ वर. हा चतुष्फलक.

पायरी ४: आरपार चाचणी

मला विचाराल तर सगळ्या विषयाची किल्ली या पायरीत आहे. घाई करू नका, द्राक्षांचा तो सांगाडा हातात फिरवत बसा.

एका शेजाऱ्यावर बोट ठेवा. तिथून मधल्या आयनातून सरळ आरपार जा आणि तेवढंच अंतर पुढे चाला. तिथे तसाच शेजारी आहे का? प्रत्येक शेजाऱ्यासाठी उत्तर ‘हो’ आलं तर त्या जागेला सममितीचं केंद्र आहे, वर्गात ज्याला इन्व्हर्जन सेंटर म्हणतात ते. अष्टफलकात ते असतं. वरचे-खालचे दोघे सारखेच लांब केले तरी ते टिकतं. मोरचुदाच्या स्फटिकात तांबं अशाच केंद्रावर बसलेलं आहे. चतुष्फलकात मात्र वरच्या काडीतून आरपार गेलात की खाली तीन पायांच्या मधली रिकामी जागा लागते. केंद्र नाही.

विद्यार्थी हमखास एक चूक करतात. अख्ख्या स्फटिकाच्या बाह्य आकाराची सममिती बघतात आणि तीच आयनाला लावतात. प्रकाश शोषण्यासाठी आयन ज्या जागेवर बसला आहे त्या जागेची सममिती बघायची. माणिकाचा (थोडं क्रोमियम मिसळलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) स्फटिक दिसायला सुरेख सममित असतो, आणि पूर्ण स्फटिकाला सममितीचं केंद्रही आहे. पण क्रोमियम ज्या ॲल्युमिनियमच्या जागेवर बसतो तिथे ते नाही. एका बाजूचे तीन ऑक्सिजन जवळ, दुसऱ्या बाजूचे तीन जरा लांब.

पायरी ५: डी-ऑर्बिटलं कशी फुटतात, ते हातानं काढा

एकट्या आयनाची पाच डी-ऑर्बिटलं एकाच ऊर्जेची असतात. शेजारी आले की ती फुटतात. कशी फुटतात हे केवळ सममितीवरून काढण्याची रीत हान्स बेटे यांनी १९२९ मध्ये दिली.

अष्टफलकाची २४ निव्वळ परिभ्रमणं आहेत. काहीच न करणं १, १२० अंशांची ८, ९० अंशांची ६, त्याच अक्षांभोवती १८० अंशांची ३ आणि कडांमधून जाणाऱ्या अक्षांभोवती १८० अंशांची ६. प्रत्येकाचं कॅरॅक्टर, म्हणजे त्या परिभ्रमणात ऑर्बिटलं कशी बदलतात ते सांगणारा आकडा, काढायचं. डी-ऑर्बिटलांसाठी सूत्र असं: अर्ध्या कोनाच्या पाचपटीचा साइन भागिले अर्ध्या कोनाचा साइन. ९० अंशांसाठी २२५चा साइन भागिले ४५चा साइन, म्हणजे उणे १. १२० अंशांसाठी ३००चा भागिले ६०चा, पुन्हा उणे १. १८० अंशांसाठी ४५०चा भागिले ९०चा, म्हणजे १. काहीच न करण्याचं कॅरॅक्टर अर्थातच ५.

कॅरॅक्टर-कोष्टकातला ई हा दोघांचा गट वरच्याच क्रमाने २, उणे १, ०, २, ० असा असतो. टी-२ हा तिघांचा गट ३, ०, उणे १, उणे १, १. दोन्हींची बेरीज करा: ५, उणे १, उणे १, १, १. आपल्याला मिळालेली रांग हीच! म्हणजे पाच ऑर्बिटलांचे दोन गट पडले, एक दोघांचा, एक तिघांचा. एकही प्रयोग न करता आणि कुलोंबचा नियमही न वापरता. पहिल्यांदा ही बेरीज जुळली त्या रात्री मी ती पाच-सहा वेळा परत करून पाहिली होती.

वर कोण आणि खाली कोण, हे सममिती सांगत नाही, ते शेजारी सांगतात. अष्टफलकात शेजारी अक्षांवर आहेत, म्हणून अक्षांकडे रोखलेली दोन ऑर्बिटलं वर ढकलली जातात. चतुष्फलकात क्रम उलटा होतो आणि दोन गटांमधली ऊर्जेची दरीही लहान, सारख्याच शेजाऱ्यांसाठी सुमारे चार-नवमांश. ही दरी ओलांडायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश आयन घेतो. ती ‘प्रति सेंटिमीटर’मध्ये दिली असेल तर १ कोटीला तिने भागा, नॅनोमीटर मिळतात. पाण्यातल्या तांब्यासाठी सुमारे १२,५००, म्हणजे ८०० नॅनोमीटर. हे शोषण अवरक्ताच्या सीमेवर आहे, पण पट्टी इतकी रुंद की तिचं शेपूट तांबडा प्रकाश खातं. उरतो तो निळा.

पायरी ६: परवानगी आहे का?

दरी असणं आणि ती ओलांडायची परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी तपासायला तीन कॅरॅक्टरांचा गुणाकार करायचा: सुरुवातीची पातळी, विद्युत द्विध्रुव (प्रकाशाचं विद्युत क्षेत्र ज्याला हलवतं ती अधिक-उणे भारांची जोडी) आणि शेवटची पातळी. सगळ्या क्रियांवर (ज्या केल्यावर आकार तसाच दिसतो त्या परिभ्रमणं-प्रतिबिंबांवर) बेरीज घेऊन क्रियांच्या संख्येने भागा. शून्य आलं तर बंदी.

चतुष्फलकाच्या २४ क्रिया घ्या. ई आणि टी-२ या पातळ्या, आणि द्विध्रुवही टी-२. काहीच न करण्यासाठी २ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे १८. १८० अंशांच्या तीन परिभ्रमणांसाठी प्रत्येकी २ गुणिले उणे १ गुणिले उणे १, म्हणजे २, एकूण ६. बाकी सगळीकडे कुठे ना कुठे शून्य आहे. बेरीज २४, भागिले २४, उत्तर १. परवानगी आहे.

अष्टफलकाच्या क्रिया ४८. पहिल्या २४ परिभ्रमणांची बेरीज अशीच २४ येते. उरलेल्या २४ क्रिया म्हणजे तीच परिभ्रमणं, पण केंद्रातून उलटवलेली. डी-ऑर्बिटलं उलटवल्यावर तशीच राहतात, द्विध्रुवाचं चिन्ह मात्र बदलतं. म्हणून ही बेरीज उणे २४. एकूण शून्य. सममितीचं केंद्र असेल तर डी ते डी उडीला बंदी, हा लापोर्ट यांचा नियम, १९२४चा. आरपार चाचणी इतकी महत्त्वाची का, ते आता दिसेल.

मग मोरचूद निळा तरी का? कारण अणू स्वस्थ नसतात. शेजारी सतत थरथरतात, आणि काही थरथरी अशा असतात की क्षणभर केंद्र मोडतं. त्या फटीतून थोडं शोषण निसटतं. थोडंच, हे लक्षात ठेवा.

दुसरी बंदी फिरकीची, म्हणजे स्पिनची. उडीत एकूण फिरकी बदलायची नाही. मँगनीजच्या आयनात पाच डी-इलेक्ट्रॉन पाच ऑर्बिटलांत एकेक, सगळे एकाच दिशेने फिरणारे. कोणीही हललं तरी फिरकी उलटवावी लागते. दोन्ही बंद्या एकदम, म्हणून ते जेमतेम गुलाबी. झिंकची दहाही घरं भरलेली, उडी मारायला जागा नाही. मॅग्नेशियमला आणि तुरटीतल्या ॲल्युमिनियमला डी-इलेक्ट्रॉनच नाहीत. पांढऱ्या पुड्यांचा हिशोब संपला.

आता सीएफएलची ती तांबडी रेघ. ती यट्रियम ऑक्साइडमधल्या युरोपियम आयनाची, आणि तिथे उड्या डी-ऐवजी एफ-इलेक्ट्रॉनांच्या. नियम तोच आहे, फक्त प्रकाश शोषण्याऐवजी बाहेर टाकताना. त्या स्फटिकात यट्रियमच्या चारपैकी तीन जागांना सममितीचं केंद्र नाही. अशा जागांवरच्या युरोपियममुळेच ६११ची रेघ इतकी ठळक आहे.

पायरी ७: बरण्यांत पडताळा

१०० मिलिलिटर पाण्यात २.५ ग्रॅम मोरचूद. दुसऱ्या बरणीत १०० मिलिलिटरला १.७ ग्रॅम मँगनीज सल्फेट. दोन्हींत धातूचे आयन सारख्याच संख्येने आहेत, लिटरला ०.१ मोल. पहिली आकाशी निळी, दुसरी पाण्यासारखी.

तिसऱ्यासाठी ०.८ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं १०० मिलिलिटर काढून पुन्हा एक लिटर करा. हे मोरचुदापेक्षा सुमारे २०० पट विरळ आहे, तरी रंग बघा. मोलर शोषणांक, म्हणजे सारख्याच संख्येतले आयन किती प्रकाश शोषतात त्याचं माप, मँगनीज सल्फेटच्या आयनाचा सुमारे ०.०२, तांब्याचा सुमारे १२, परमँगनेटचा सुमारे २,४००. मँगनीज तेच, पण शोषणात लाखपटीहून जास्त फरक. परमँगनेटमधल्या मँगनीजकडे डी-इलेक्ट्रॉन उरलेलेच नाहीत. चार ऑक्सिजनांच्या चतुष्फलकात तो बसला आहे, आणि प्रकाश ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन उचलून मँगनीजकडे ढकलतो. या उडीला ना फिरकीची आडकाठी, ना केंद्राची.

तिन्ही बरण्या खोक्याच्या फटीसमोर धरा. मोरचुदात तांबडं टोक काळं पडतं. परमँगनेटमध्ये हिरव्या भागात वेगवेगळे काळे पट्टे दिसतात, ठळक दोन ५२५ आणि ५४५च्या आसपास. दिसत नसतील तर द्रावण आणखी विरळ करा, बहुतेक वेळा तेच चुकलेलं असतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोबाल्ट क्लोराइड असेल तर शिक्षकांच्या देखरेखीत त्याचा पाण्यातला गुलाबी अष्टफलक आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातला निळा चतुष्फलक शेजारी ठेवा. निळा शंभरपटीने तीव्र असतो. कोबाल्टची संयुगं घरी आणू नका.

पायरी ८: शेजारी काढून घ्या

चिमूटभर मोरचुदाची पूड परीक्षानळीत घ्या, नळी किंचित तिरपी धरून मंद आचेवर फिरवत तापवा. नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतील. चार रेणू साधारण १०० अंशांच्या पुढे-मागे जातात, शेवटचा मात्र २००च्या वर. पूड राखाडी-पांढरी झाली की थांबा. फार तापवली तर ती काळी पडते आणि घातक वाफा येतात. पांढऱ्या पुडीत तांब्याचे शेजारी सगळे सल्फेटचे ऑक्सिजन आहेत. त्यांचा जोर पाण्यापेक्षा कमी, म्हणून दरी अरुंद होते आणि शोषण सगळं अवरक्तात सरकतं. नळी पूर्ण थंड झाल्यावर एक थेंब पाणी टाका. निळा रंग परत येतो आणि नळी हाताला गरम लागते.

बाहेर पडल्यावर

कास पठारावरचा किंवा पाचगणीच्या टेबललँडवरचा जांभा दगड तांबडा असतो तो फेरिक लोहामुळे. त्याच्याकडेही मँगनीजसारखे पाच डी-इलेक्ट्रॉन, म्हणजे रंग फिका हवा होता. पण हेमॅटाइटमध्ये लोहाचे आयन एकमेकांना ऑक्सिजनमार्फत जोडलेले असतात. दोघे जोडीने फिरकी बदलतात, एकूण फिरकी तशीच राहते आणि बंदी सैल पडते. जांभ्यातली पिवळी माती तव्यावर खूप तापवली तर तीही तांबडी होते, गोएथाइटमधलं पाणी जाऊन हेमॅटाइट उरतं.

कॅव्हान्साइट हे गर्द निळं खनिज पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सापडतं, आपल्या साताऱ्याखाली आहे त्याच काळ्या पाषाणात. त्यात व्हॅनेडियमला एका बाजूने एकच ऑक्सिजन अगदी जवळ चिकटलेला असतो, आरपार तसा कोणी नाही. एखाद्या संग्रहात स्फटिक बघायला मिळाला तर मागून उजेड घ्या आणि ध्रुवीकरण करणारा चष्मा समोर धरून फिरवा. एका दिशेत तो निळा, दुसरीत जवळजवळ बिनरंगी. कोणत्या दिशेने थरथरणारा प्रकाश शोषायचा, हेही सममितीच ठरवते.

उरलेल्या द्रावणाचं काय करायचं

परमँगनेट भरपूर पाण्याने विरळ करून टाका. मोरचुदाचं द्रावण ओढ्यात, विहिरीत किंवा कृष्णेत अजिबात नको, माशांना तांबं थोडंही सोसत नाही. ते बोर्डोला, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीच्या मिश्रणाला, वापरा. एक टक्क्यासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना, हे प्रमाण बागायतदाराला सांगायला नको. चुन्याची निवळी आणि मोरचूद एकत्र ओतताना बादलीकडे बघा. नितळ निळ्याचं दुधट आकाशी होतं, कारण तांब्याभोवतीचं पाणी हटून हायड्रॉक्साइड येऊन बसतात. मग स्वच्छ घासलेला विळा मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, अजून निवळी घाला आणि पातं घासून पुन्हा बुडवा. पातं कोरं निघालं की फवारायला घ्या.